अलिबाग की माथेरान? मुंबईहून दोन दिवसांसाठी निघण्याआधी

आई-वडिलांचे गुडघे दुखत असतील तर अलिबाग. घरातल्या सगळ्यांना चालायची हौस असेल आणि दोन दिवस हॉर्नचा आवाज नको असेल तर माथेरान. आजच खोली पक्की करायची घाई असेल त्यांनी एवढ्यावर ठरवलं तरी फारसं चुकणार नाही. पण पुष्कळ जण ‘समुद्र की डोंगर’ एवढाच विचार करून निघतात आणि तिथं पोचल्यावर हिरमुसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन्ही गावं रायगड जिल्ह्यातलीच. अलिबाग जिल्ह्याचं ठिकाण. कलेक्टर कचेरी, कोर्ट, एसटी स्टँड, मासळीबाजार, वस्ती वीसेक हजारांची. माथेरान कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर उंचीवर, आणि २०११च्या जनगणनेत साडेचार हजारांच्याही आतलं. रस्त्यानं मोजलं तर मुंबईपासून दोन्ही शंभर किलोमीटरच्या आसपास. खरा फरक पडतो तो गाडीनं. अलिबागला हाताशी वाहन नसलं की अडतं, माथेरानला वाहन असलं की त्याचं करायचं काय हा प्रश्न पडतो. निवड करताना मी तरी आधी याचा विचार करीन, समुद्र आवडतो की डोंगर हे त्यानंतर.

जायचं कसं

अलिबागला जायचा सगळ्यात आनंदाचा रस्ता पाण्यावरून आहे. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याची लाँच पकडायची, तासाभरात पलीकडे. लाँचच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते, हे नव्यानं जाणाऱ्या अनेकांना माहीत नसतं आणि ते मांडव्याला उतरून विनाकारण रिक्षा ठरवतात. तिकीट नीट जपून ठेवा, बसमध्ये चढताना दाखवावं लागतं. गाडी घेऊन जायचं असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट आहे. २०२० साली ती सुरू झाली आणि अलिबागचं गणितच बदललं. गाडी बोटीत चढवायची, वर जाऊन वारा खायचा आणि तासाभरानं मांडव्याला गाडीतूनच बाहेर पडायचं.

रस्त्यानं जायचं तर पनवेल, पेण, वडखळ असा मार्ग. आडवारी तो ठीक असतो. शनिवारी सकाळी आणि रविवारी संध्याकाळी मात्र वडखळच्या आसपास किती वेळ जाईल याचा भरवसा कोणी देऊ नये. लहान मूल बरोबर असेल तर मी रो-रोचे जास्तीचे पैसे डोळे झाकून देईन.

माथेरानचा प्रवास स्वस्तातला, पण टप्प्याटप्प्यांचा. सीएसएमटीहून कर्जत किंवा खोपोली लोकल घ्यायची आणि नेरळला उतरायचं. तिथून पुढे दोन पर्याय. एक म्हणजे आपली लाडकी छोटी गाडी. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबानं स्वतःच्या पैशानं उभारलेला हा दोन फुटी रुळांचा मार्ग १९०७ साली सुरू झाला. वीस-एकवीस किलोमीटरचं अंतर, जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप ही वाटेतली स्टेशनं, आणि एक इतका छोटा बोगदा की त्याला ‘वन किस टनेल’ म्हणतात. वर पोचायला अडीच-पावणेतीन तास लागतात. ज्यांना ‘पोचायचं’ आहे त्यांनी या गाडीत बसूच नये. ज्यांची मुलं खिडकीबाहेर बघत बसू शकतात त्यांनी फक्त या गाडीसाठी माथेरान निवडलं तरी ते योग्य आहे. गाड्या सकाळच्या वेळेत आणि मोजक्याच असतात, त्यामुळे शनिवारचं तिकीट गृहीत धरू नका.

दुसरा पर्याय शेअर टॅक्सी. नेरळ स्टेशनबाहेर मिळते, घाट चढून अर्ध्या तासाच्या आत दस्तुरी नाक्यावर सोडते. स्वतःची गाडी असेल तरी ती दस्तुरीपर्यंतच. तिथं पार्किंग आहे, नगरपरिषदेचा प्रवेशकर आहे आणि त्यापुढे वाहनबंदी. हा भाग २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे. रुग्णवाहिकेसारख्या अत्यावश्यक गाड्या सोडल्या तर पेट्रोल-डिझेलवर चालणारं काहीच आत जात नाही.

दस्तुरीपासून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. चालत जाता येतं, घोड्यावरून जाता येतं, मोजक्या ई-रिक्षा आहेत आणि शेजारच्या अमन लॉज स्टेशनवरून माथेरानपर्यंत शटल गाडी आहे. इथं एक गोष्ट आवर्जून सांगतो. नाक्यावर उतरल्या उतरल्या कोणी ‘शटल आज बंद आहे’ किंवा ‘हॉटेल फार लांब आहे’ असं सांगितलं तर लगेच घोडा ठरवू नका. सरळ अमन लॉजच्या तिकीट खिडकीपर्यंत जा आणि तिथं विचारा. घोडा करायचाच असेल तर दरफलक बघून, स्वतःच्या मर्जीनं करा; घोड्यांवर इथल्या कितीतरी घरांचं पोट आहे.

हातरिक्षाबद्दलही लिहायला हवं. माणसानं ओढायच्या या रिक्षा थांबवाव्यात, सहा महिन्यांत त्या बंद करून ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्याव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५मध्ये दिला. तो पूर्णपणे अमलात यावा असं मला मनापासून वाटतं. लाल मातीच्या चढावर सामानासकट दोन माणसं ओढणारा माणूस एकदा जवळून पाहिला की सहलीचा आनंद तिथंच आटतो.

अलिबागला गेल्यावर

अलिबागचा समुद्र पोहण्यासारखा नाही, हे आधीच सांगून टाकतो. गावासमोरचा किनारा करड्या, घट्ट वाळूचा आहे. संध्याकाळी फिरायला छान, पण निळं पाणी आणि पांढरी वाळू डोळ्यांसमोर ठेवून याल तर निराश व्हाल. शेजारचं वरसोली सुरूच्या बनामुळे सुखद वाटतं. आक्षी शांत आहे. नागावला पाण्यातल्या खेळांची गर्दी. उत्तरेला किहीम, जिथं पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. किनारा कुठलाही असो, ओहोटीच्या वेळी खोल पाण्यात जाऊ नका. दरवर्षी या पट्ट्यात तरुण मुलं बुडतात. जीवरक्षकानं शिटी वाजवली की बाहेर या.

मग अलिबागला जायचं कशासाठी? माझ्या मते गावासमोर समुद्रात उभ्या असलेल्या कुलाबा किल्ल्यासाठी.

शिवाजी महाराजांनी १६८० साली या किल्ल्याचं काम सुरू करवलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मुख्य ठाणं बनलं. तटाजवळ उभं राहून दगड नीट बघा. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचले आहेत, मध्ये चुना नाही. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर तिथंच विरतो. तीनशेहून अधिक पावसाळे ही भिंत अशी उभी आहे. आत गोड्या पाण्याची विहीर आहे, पुष्करणी आहे आणि राघोजी आंग्र्यांनी १७५९मध्ये बांधलेलं गणेश पंचायतन. उत्तरेच्या बाजूला चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत; मुलं त्यांच्यापाशी हमखास रेंगाळतात.

किल्ल्यात जायचं ते ओहोटीला, चालत किंवा घोडागाडीनं. आणि इथंच बहुतेकांचा बेत फसतो. शनिवारी दुपारी बारा वाजता पोचतात, समोर कमरेएवढं पाणी असतं, मग किनाऱ्यावरून फोटो काढून परततात. त्यासाठी कोळीवाड्यातलं जुनं गणित उपयोगी आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. येईल तो पूर्ण भरतीचा ठोकळ तास. त्यात सहा तास मिळवले किंवा वजा केले की ओहोटी. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे दुपारी पावणेचारला भरती आणि सकाळी पावणेदहाच्या सुमारास ओहोटी. द्वादशीला नऊला भरती, दुपारी तीनला ओहोटी. तिथी शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच.

अष्टमीला ओहोटी बरोबर दुपारी बाराला येते, म्हणून ती सोयीची वाटेल. पण ते भांगाचे दिवस. पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही, आणि वाट पूर्ण कोरडी होईलच असं नाही. पौर्णिमा-अमावास्येला उलटं. पाणी लांबवर हटतं, पण ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास, अंधाराच्या तोंडाशी. म्हणून चतुर्थी-पंचमी किंवा द्वादशी-त्रयोदशी शनिवार-रविवारला लागून येत असेल तर ते दोन दिवस अलिबागसाठी राखून ठेवा. गणित तासाभरानं मागेपुढे होतं, तेव्हा छापील तक्ताही बघा आणि किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला विचारा. ‘आता परत फिरा’ असं तो म्हणाला तर हुज्जत घालू नका.

किल्ल्याखेरीज गावातही बघण्यासारखं पुष्कळ आहे. कान्होजी आंग्र्यांची समाधी गावातच आहे. इस्रायल आळीत बेने इस्रायली समाजाचं सिनेगॉग आहे. या समाजाचे पूर्वज इथल्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून उतरले अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळण्याचा धंदा करणारी ही माणसं शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. शिवाय समुद्राजवळ भूचुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार आणि त्यांच्यामुळे तिथल्या, म्हणजे मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती इथं हलवली. कुलाब्याला १८४१पासून चाललेल्या नोंदींची साखळी अलिबागमुळे तुटली नाही. ही चालती संशोधनसंस्था आहे, सहलीचं ठिकाण नव्हे. पण विज्ञानाची गोडी असलेल्या मुलांना तिची गोष्ट जरूर सांगा.

हे सगळं गावात झालं. सासवण्याचं शिल्पकार करमरकरांचं संग्रहालय, कनकेश्वरच्या पायऱ्या, चौल-रेवदंड्याचे पोर्तुगीज अवशेष, खाडीपलीकडचा कोर्लई किल्ला, हे सगळं विखुरलेलं आहे. एसटी आणि मिनीडोरनं (शेअर रिक्षानं) जाता येतं, पण वाट बघण्यात दिवस जातो. आपली गाडी किंवा दिवसभरासाठी ठरवलेली रिक्षा असेल तर दोन दिवस अपुरे पडतात.

माथेरानला गेल्यावर

माथेरानमध्ये ‘बघण्यासारखं’ काय, असं विचारणाऱ्याला समाधानकारक उत्तर देणं अवघड आहे. पस्तीस-चाळीस पॉइंट आहेत आणि दुपारच्या उन्हात, घोड्यावरून, एकामागून एक उरकले तर सगळे सारखेच वाटतात. माथेरान आहे ते वाटांमध्ये. जांभ्याची लाल माती, दोन्ही बाजूंना दाट झाडी, मधूनच एखादा ब्रिटिशकालीन किंवा पारशी बंगला, आणि अचानक झाडी संपून खाली उघडी पडलेली दरी. बाजारापासून पाऊण तास चाललात की माणसांचे आवाज मागे पडतात. नशीब असेल तर वर फांद्यांत शेकरू दिसतं.

दोन दिवसांत सगळे पॉइंट करायचे हा हट्ट सोडा. पहिल्या संध्याकाळी शार्लोट तलाव, पिसारनाथाचं देऊळ, तिथून एको आणि लुईझा पॉइंट, एवढंच. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात निघून पॅनोरमा पॉइंटला सूर्योदय. हे चालणं लांबचं आहे, टॉर्च आणि पाणी बरोबर घ्या. ते जमणार नसेल तर अलेक्झांडर, रामबाग, चौक या दक्षिणेकडच्या वाटा सकाळी निवांत करा. मावळतीला सनसेट पॉइंटवर प्रबळगड समोर असतो आणि तिथं गर्दी असते. ती सोसून जाण्यासारखा तो देखावा आहे.

ठाण्याचा कलेक्टर मॅलेट १८५०मध्ये इथं आला आणि गोऱ्यांसाठी हे थंड हवेचं ठिकाण झालं, ही हकीकत प्रत्येक फलकावर वाचायला मिळते. माझ्या लेखी त्याहून मोठी गोष्ट भाई कोटवालांची. १९१२ साली माथेरानमध्येच जन्मलेला हा माणूस बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत झाला आणि २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर हुतात्मा झाला. गावात त्यांचं स्मारक आहे. मुलं बरोबर असतील तर तिथं थांबा.

त्रासाच्या गोष्टीही सांगायला हव्यात. मुख्य रस्त्यावर घोड्यांच्या लिदेचा वास असतो, कोरड्या दिवसांत लाल धूळ उडते आणि मोज्यांत गेलेला तो रंग धुऊनही जात नाही. पांढरे बूट नेऊ नका. माकडं खोलीच्या खिडकीतून आत येतात आणि हातातली प्लॅस्टिकची पिशवी हिसकावतात; खाण्याचं सगळं पाठीवरच्या बंद पिशवीत ठेवा. आणि वृद्धांसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, मोठं आजारपण उद्भवलं तर खाली उतरावं लागतं. अलिबागला जिल्हा रुग्णालय गावातच आहे. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेलं कोणी बरोबर असेल तर मी याच एका मुद्द्यावर निर्णय घेईन.

खाणं आणि राहणं

मासे खाणाऱ्यांनी इथवर वाचायचीही गरज नव्हती. अलिबागच्या खानावळीत सुरमई, पापलेट, बोंबील, तांदळाची भाकरी आणि सोलकढी असं ताट असतंच, पण जिताडा मिळाला तर तो सोडू नका. खारेपाटातली, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातली, ही माशाची खासियत मुंबईच्या हॉटेलात सहसा सापडत नाही. थंडीत घरगुती उतरलात तर यजमानांना पोपटीबद्दल विचारा. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, चिकन भरून, मडकं उलटं करून भोवती जाळ करतात. उन्हाळ्याच्या तोंडावर रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा लागतात. भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा गोडसर असतो, घरी नेऊन टांगून ठेवता येतो.

माथेरानला खाणं पोटभर मिळतं, आठवण राहील असं कमी. बहुतेक हॉटेलांत राहण्याबरोबर तिन्ही वेळचं जेवण धरलेलं असतं, शाकाहारी आणि गुजराती पद्धतीचं जास्त. शाकाहारी कुटुंबाला हे फार सोयीचं पडतं. गॅसच्या टाकीपासून दुधापर्यंत बरंच सामान घोड्यावरून किंवा डोक्यावरून वर येतं, तेव्हा पाण्याच्या बाटलीला चार पैसे जास्त पडले तर कुरकुर नको. चिक्की आणि चामड्याच्या चपला बाजारात घेता येतात.

राहायला अलिबागकडे पर्याय अधिक. नागाव, आक्षी, वरसोलीला नारळी-पोफळीच्या वाड्यांत घरगुती खोल्या आहेत आणि त्या मला बंगल्यांपेक्षा कितीतरी आवडतात. माथेरानला खोली घेताना एकच गोष्ट विचारा: बाजारपेठेतल्या स्टेशनापासून हॉटेल चालत किती? सामान हमालाकडे द्यावं लागणार का, हे त्यावर ठरतं. दोन्हीकडे शनिवारचा दर आणि मंगळवारचा दर यांत मोठी तफावत असते. रजा काढता येत असेल तर आडवारी जा. माथेरान तर आडवारी वेगळंच गाव वाटतं.

महिना कुठला

नोव्हेंबर ते फेब्रुवारी दोन्ही चांगली. मार्च-एप्रिलमध्ये माथेरान, कारण अलिबागची दमट दुपार सोसत नाही. मे महिन्यात दोन्हीकडे गर्दी. त्यातल्या त्यात सकाळ-संध्याकाळ माथेरान सुसह्य.

पावसाळ्याचा प्रश्न वेगळा आहे. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत गेटवेहून मांडव्याच्या लाँच बंद असतात. रो-रो हवामान बघून चालते. जून-जुलैत मासेमारीबंदी, म्हणजे ताजी समुद्रातली मासळी दुर्मीळ. किल्ल्याकडे चालत जाणं खवळलेल्या समुद्रात धोक्याचं. त्यामुळे पावसात अलिबागला जाण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. माथेरान मात्र तेव्हा हिरवंगार आणि धुक्यात बुडालेलं असतं. दरी दिसणार नाही, कपडे वाळणार नाहीत, पुष्कळ हॉटेलं बंद असतील आणि नेरळहून छोटी गाडी नसेल, फक्त अमन लॉजची शटल. तरीही पावसात चालायला आवडणाऱ्यांनी जावं. कड्याच्या काठावर मात्र कठड्यापलीकडे पाऊल टाकू नका, जांभा ओला झाला की निसटतो. छोटी गाडी परत सुरू होते ती पाऊस सरल्यावर, मार्ग तपासून, बहुधा दिवाळीच्या आगेमागे. केवळ तिच्यासाठी जाणार असाल तर रेल्वेची घोषणा झाल्यावरच खोली पक्की करा.

मुक्काम न करता

एका दिवसात जाऊन यायचं असेल तर माझं मत अलिबागकडे झुकतं, पण तिथी जुळत असेल तरच. सकाळच्या लवकरच्या लाँचनं निघा, बसनं अलिबाग, ओहोटीला किल्ला, खानावळीत जेवण, संध्याकाळी परत. तिथी जुळत नसेल तर पहाटेच्या कर्जत लोकलनं नेरळ, टॅक्सीनं दस्तुरी आणि उन्हं चढायच्या आत एखादीच वाट चालून या. परतीच्या शेवटच्या शटलची वेळ जातानाच अमन लॉजला विचारून ठेवा, तसंच शेवटच्या लाँचची मांडव्याला. रविवारी संध्याकाळी दोन्हीकडे रांग असते, तेव्हा शेवटच्या फेरीवर विसंबण्यापेक्षा तिच्या आधीची पकडलेली बरी.